आधी भाजी, मग पट्टा

नर्सबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीकडे वळून तळहात पुढे करायच्या. त्यावर त्या दिवशीच्या भाजीचा रस्सा घालायचा. बाई तो डोळे मिटून चाखायच्या आणि मगच दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधायच्या. पट्टा फुगायच्या आतच निकाल लागलेला असायचा. "या रश्श्यालेच बीपी हाये, वहिनी. माणसाचं काय मोजू?"

जानेफळजवळच्या आमच्या खेड्यातल्या उपकेंद्रात त्या रोज मेहकरहून काळीपिवळी जीपनं यायच्या. त्यांचे वडील मेहकरला गाद्या-रजया भरायचे. माझ्या आईच्या चुलीपर्यंत बाहेरचं माणूस सहसा पोचत नसे. मुसलमानाची ही लेक मात्र दुसऱ्याच खेपेला पाटावर बसून आईला लसूण सोलून देत होती.

बीटी कापूस गावात नवा नवा आला होता. आधी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या मधूनमधून मूग, चवळी, अंबाडीच्या ओळी असायच्या. बीटी आली आणि या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत नुसता कापूसच झाला. पुढे तणनाशकानं घोळ, तरोट्यासारख्या रानभाज्याही गेल्या. ताटात उरला ठेचा, लोणचं, पापड, खारातल्या मिरच्या आणि दुकानातली शेव. बाईंनी हे आम्हा सगळ्यांच्या आधी ओळखलं. "रानातून भाजी गेली न भाऊ, म्हणून ताटात खार आला," असं त्या बाबांना म्हणाल्या.

बाबा हसले. ते कशालाही हसायचे. एकदा वावरात फवारताना त्यांचं तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली आणि अर्ध्या तासात सगळं पूर्ववत झालं, तेव्हाही हसलेच. त्या दिवशी बाईंनी रस्सा मागितला नाही. आकडा पाहिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, पुढच्या खेपेले तोंड सरळ होईनच असं नाही. मेहकरले चला." डॉक्टरांनी रोजची गोळी दिली. बाबा ती डोकं जड वाटलं तरच घेत. "अळी दिसल्याबिगर फवारा मारते काय कोणी?" हा त्यांचा सवाल. बाई लगेच म्हणाल्या, "गुलाबी अळी बोंडाच्या आत असते. तुमाले दिसते तवा बोंड गेलेलं असते."

मीठ निम्मं करायचं काम आईकडे आलं. आमची आई निम्म्यावर थांबणारी नव्हे. तिनं पांढऱ्या मिठाची बरणीच शेजारी देऊन टाकली. दोन महिन्यांनी आकडा आणखी वर. बाईंनी रस्सा चाखला आणि खाडकन डोळे उघडले. "वहिनी, यात घातलं काय?"

"शेंदेमीठ. उपासाले चालते ते."

उपासाला जे चालतं ते मीठ कसं असेल, हा आईचा हिशेब. त्यामुळे हात सैल सुटला होता. बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या आणि मग आईचा हात धरून म्हणाल्या, "देवाले चालते वो. भाऊच्या रक्तवाहिनीले दोन्ही सारखेच." आई ओशाळली. नवऱ्याला आपल्याच हातानं आजारी पाडत होतो, या विचारानं ती कुणाशी धड बोलेना. बाई मात्र दुसऱ्या दिवशी मुद्दाम चहाला आल्या. आई बोलेपर्यंत उठल्या नाहीत.

बीटीच्या पाकिटासोबत साध्या बियाण्याची एक बारकी पुडी येई. ती वावराच्या कडेनं लावायची, पण गावात ती कुणीच लावत नसे, धुऱ्यावर फेकून देत. पेरणीआधी बाई घरोघर फिरल्या. "तुम्ही तं ती पुडी लावतच नाही. मंग कडेच्या दोन ओळी मले द्या." बायांनी त्या ओळींत चवळी, गवार, अंबाडी लावली. आमच्या ताटात पुन्हा हिरवं दिसू लागलं. बाबा कुरकुरत का होईना, अळणी वरण खाऊ लागले. गोळीचं मात्र जमेना. रोज गोळी खाणारा माणूस कामातून गेलेला, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मग बाईंची बदली झाली, धाड गावी. आईनं त्यांना जेवायला बोलावलं. वाढताना विचारलं, "तुमच्या वरणात मीठ टाकू?"

"नको. मलेबी बीपी हाये, वहिनी. अकरा वर्सं झाली. रोज गोळी घेतो."

बाबांचा घास हातातच राहिला. "मंग सांगतलं काऊन नाही इतके दिवस?"

"सांगतलं असतं तं तुम्ही म्हणले असते, बाईले सोताचंच बरं करता येत नाही, आपल्याले काय सांगते. आता जाऊन राह्यलो, म्हणून सांगतो. इथं आल्यापासून एक दिवस तरी माझी काळीपिवळी चुकली काय, भाऊ?"

 त्या दिवसापासून बाबांची गोळी चुकली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका सकाळी बाई गेल्याची बातमी काळीपिवळीच्या ड्रायव्हरनं आणली. बाबा भरल्या ताटावरून उठून ओसरीवर जाऊन बसले. आईनं भाकर पुढे केली, त्यांनी मान फिरवली. मी समजावलं, तेही ऐकलं नाही. शेवटी आईनं नुसती गोळी आणि पाणी आणून ठेवलं. बाबांनी गोळी तळहातावर घेतली.

"उपाशीपोटी घ्याची नाही ते," ते म्हणाले. "बाईनं सांगतलं हाये."

मग त्यांनी ताट मागून घेतलं आणि रडत रडत अख्खी भाकर खाल्ली.