प्रमोशनची जागा

देवळाली कॅम्पात आमच्या क्वार्टरजवळ एक टेलरकाका होते. फौजींच्या बाहीवर हुद्द्याच्या फिती शिवून शिवून ‘प्रमोशन’ हा शब्द त्यांच्या तोंडात बसला होता. आमच्या लेकीच्या फ्रॉकची दुमड उसवून तो लांब केला, की म्हणायचे, “बेबीचं प्रमोशन झालं!” नव्या फ्रॉकला आत जास्त कापड दुमडलं, की “प्रमोशनची जागा ठेवलीय, वहिनी.” मी वैतागायचे.

एका वर्षी ह्यांचं प्रमोशन हुकलं. वर्दीचा नवा शर्ट काकांकडे देताना मला मान वर करवेना. जुन्याच दोन फिती त्यांनी जरा वर शिवल्या आणि खाली तिसरीपुरती बाही मोकळी सोडली. तो शब्द तेवढा उच्चारला नाही.

घरी ह्यांनी त्या मोकळ्या बाहीवर बोट फिरवलं, “हे काय?”

मीच म्हणाले, “प्रमोशनची जागा ठेवलीय.”