झोपेतलं शौर्य

हॉस्पिटलच्या तळघरात हाडांचे फोटो काढणाऱ्या बाईंना सगळे फोटोबाईच म्हणत. ‘जिन्यावरून पडले’ असं सांगणाऱ्या बायका त्यांनी इतक्या पाहिल्या होत्या, की गावातले सगळे जिने एकदा पाडून टाकावेत असं त्यांना वाटे. म्हणून स्वतःची बरगडी मोडली तेव्हा त्यांनी सरळ खरं सांगितलं, “यांनी मारलं. पण झोपेत.” कुणाचा विश्वास बसला नाही. त्यांच्या जागी दुसरी कुणी असती तर त्यांचाही बसला नसता.

नवरा खुनाच्या कादंबऱ्या लिही. प्रवासात वाचायच्या आणि उतरताना बाकावर विसरायच्या, अशा. जागेपणी माणूस इतका मवाळ, की झुरळ दिसलं तर बायकोला हाक मारी. झोप लागली की मात्र अंगात यायचं. एकदा त्यानं बाईंचा दात पाडला. एकदा केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. जाग आल्यावर घामानं निथळत सांगायचा, “अगं, तिघं आले होते तुला न्यायला. मी तुला वाचवत होतो!”

वाचवून वाचवून त्यानं बायको पार खिळखिळी करून टाकली होती.

चहाला उकळी येईस्तोवर स्वप्न कागदावर उतरलेलं असे. त्या मारामाऱ्यांवर वाचक खूश होते. असलं सुचतं तरी कुठून, असं पत्रातून विचारत. सुचलेलं आधी कुठे उमटतं, ते बाईंच्या पाठीवर निळंजांभळं दिसत होतं.

मग एका पहाटे त्यानं स्वप्नातल्या गुंडाचा गळा आवळला. गळा अर्थातच बाईंचा होता. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा हाताला लागलेला टेबललॅम्प त्यांनी त्याच्या कपाळात घातला, तेव्हा कुठे श्वास मिळाला. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, “असा आजार असतो. स्वप्नात इतरांचे हातपाय जखडलेले असतात, यांचे मोकळे राहतात. रोज झोपताना ही गोळी. चुकवलीत, तर पुढच्या वेळी बाईंची मान जाईल.”

गोळी लागू पडली. बाईंचे वळ गेले. “सुधारला हो नवरा,” हाताखालच्या पोरी कुजबुजल्या. स्वप्नंही गेली. प्रकाशकानं बाड परत पाठवलं आणि वर फोन केला, “तुमचे गुंड हल्ली फार सभ्य झालेत हो. मारायच्या आधी चपला बाहेर काढतात की काय?”

“डोक्यात नुसतं पांढरं दिसतंय गं,” नवरा कोऱ्या कागदाकडे बघत म्हणायचा.

“माझ्या डोळ्यांपुढे काळं आलं होतं. त्यापेक्षा पांढरं बरं.”

हिवाळ्यातल्या एका सकाळी उजाडता उजाडता बाईंच्या छातीवर गुडघा आला. पाठोपाठ ठोसा. काटकन आवाज झाला. गळ्याजवळचं हाड गेलं, हे त्यांना फोटो न काढताच कळलं.

“खेचत होता गं तो तुला! मी मधे पडलो आणि...”

“गोळी घेतली होतीत?”

नवरा पंख्याकडे बघू लागला.

“अहो, तुम्हाला विचारतेय.”

“जिभेखाली धरली... मग बेसिनमध्ये. एकच प्रकरण राहिलंय गं. तेवढं झालं की रोज घेईन, तुझी शपथ.”

“माझी कशाला? मी मोडलेय आधीच.” बाईंनी दात आवळून हात छातीशी धरला. “इतकी वर्षं झोपेत मारलंत, म्हणून राहिले. गोळी थुंकताना जागे होतात ना?”

तो रडला, आणि अगदी मनापासून रडला. टॉवेलची झोळी करून त्यानं बाईंचा हात गळ्यात अडकवला. गाडी बोलावली. एक बूट पायात घातला आणि दुसरा हातात धरून तसाच थांबला. ती नजर बाईंच्या ओळखीची होती. स्वप्न ओल्या साबणासारखं हातातून निसटत होतं.

“दोनच मिनिटं,” तो म्हणाला. “त्या माणसाचा चेहरा तेवढा लिहून घेतो. नंतर आठवायचा नाही.”

“लिहा.”

त्या एकट्याच खाली उतरल्या. दर पायरीला हाडावर हाड घासत होतं. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गाडीत बसल्यावर त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

“हॉस्पिटलात ये. आणि तुझी मागची खोली रिकामी कर.”

“अगं, किती दिवसांसाठी?”

“तिथला मोठा पलंग हलवून घे,” फोटोबाई म्हणाल्या. “एकटीचाच लागेल.”