काम तिथं उजेड

गौरव्वाचा फोन आला तेव्हा मी बेळगावात, आमच्या स्वयंपाकघरात, जेवणानंतरची आवराआवर करत होते. गौरव्वा म्हणजे निपाणीत राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीची, शांताआक्काची, शेजारीण. ती घरात कानडी बोलते आणि आमच्याशी मराठी, पण त्या दिवशी तिच्या दोन्ही भाषा एकमेकींत अडकल्या होत्या. आक्का मागच्या दाराच्या पायरीवरून पडली, डोक्याला लागलंय, दवाखान्यात नेतोय, एवढंच मला कळलं. मी बसस्टँड गाठला, मिळाली ती गाडी धरली... संकेश्वरच्या पुढं फोन परत वाजला आणि गौरव्वा नुसतीच रडत राहिली. आक्का गेली, हे मला त्या रडण्यावरूनच कळलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दिसत नसताना बाई एकट्या राहायच्या म्हणजे कमालच. मी विचारलं, कुणाला दिसत नव्हतं? त्यांना वाटलं, दुःखानं माझं डोकं चालेनासं झालंय. गौरव्वानं घाबरून त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. काचबिंदू. एक डोळा कधीच गेलेला, आणि दुसऱ्याला नळीतून बघावं तेवढंच दिसायचं, मग तेही दिसेना झालं. भर दुपारच्या लख्ख उन्हात आक्का पायरी चुकली होती. आणि हे तिच्या सख्ख्या बहिणीला माहीत नव्हतं, पोटच्या पोराला माहीत नव्हतं.

हे कसं शक्य आहे, असं आक्काच्या मागं झालेल्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला आलेल्या प्रत्येकानं आम्हाला विचारलं. उत्तर देताना मला लाजही वाटायची आणि हसूही यायचं, कारण उत्तर होतं, विजेची बचत. आमची आक्का डोळे धडधाकट होते तेव्हाही अंधारातच वावरायची. घरात दिवा नाही म्हणजे आक्का घरात आहे, असं आम्ही आयुष्यभर धरून चाललो. मग ती दिवा का लावत नाही, हे विचारायचं कुणाच्या मनात येणार?

त्याची सुरुवात आमच्या माहेरी, सदलग्यात झाली. आमचं घर दोन खोल्यांचं. आप्पा तंबाखूच्या वखारीत मजुरीला जायचे आणि आई घरी विड्या वळायची. वस्तीत वीज आली तेव्हा सरकारी योजनेतून घराला एक बल्ब मिळाला. खोल्या दोन आणि बल्ब एक, म्हणून आप्पांनी मधल्या भिंतीला वरच्या अंगाला भोक पाडलं आणि बल्ब त्यात टांगला. वस्तीतल्या बहुतेक घरांत हीच युक्ती होती. अलीकडं आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, पलीकडं आक्का पुस्तक घेऊन बसायची आणि मी तिच्या पाठीला टेकून पेंगायची. भोक जरा आमच्या बाजूला तिरकं पडलं होतं. आईच्या सुपात उजेड कमी पडायचा. आक्का तिला म्हणायची, तू इकडं येऊन बस. आई उठायची नाही. म्हणायची, "माझ्या बोटास्नी ठावं हाय. उजेड अक्षरास्नी लागतोय, पोरी." ते वाक्य आक्कानं मनावर इतकं घेतलं, की पुढं सबंध घर तिनं त्यावर उभं केलं.

आक्का शिक्षिका झाली, निपाणीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि बऱ्याच वर्षांनी तिनं आणि दाजींनी स्वतःचं घर बांधलं. त्या बांधकामात गवंडी आणि आक्का यांची जी काय जुंपायची, ती बघायला मी मुद्दाम बेळगावहून जायची. ओटा खिडकीखालीच पाहिजे, म्हणजे दिवसा स्वयंपाकाला दिवा लागत नाही. जिन्यावर काचेची वीट पाहिजे. भिंती पांढऱ्याच, कारण गडद रंग उजेड पिऊन टाकतो. गवंडी म्हणाला, बाई, दिवा छताच्या मधोमध असतो. आक्का म्हणाली, छताला काय वाचायचं असतंय? शेवटी तिनं दिवे खाली, हवे तिथंच घेतले. भाजी चिरायच्या जागी एक, अभ्यासाच्या टेबलावर एक, बाहेरच्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खुर्चीवर एक. काम तिथं उजेड, हा तिचा कायदा होता, आणि काम संपलं की दिवा बंद, हे त्याचं दुसरं कलम.

पिवळे बल्ब गेले, ट्यूबलाइट आल्या, मग एलईडी आले. प्रत्येक वेळी गल्लीत पहिला बदल आक्काच्या घरी व्हायचा. रविवारी ती ओल्या-सुक्या फडक्यानं दिवे पुसायची, म्हणायची धुळीनं अर्धा उजेड खाल्लेला असतोय. टीव्ही नुसत्या रिमोटनं बंद केलेला तिला चालायचा नाही, भिंतीवरचं बटण दाबून बारीक लाल ठिपका विझलेला बघितल्याशिवाय ती झोपायला जायची नाही. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळ्यांची मिळून. इस्त्री तापलेली असताना बंद करून शेवटचे रुमाल उरलेल्या उबेवर व्हायचे. दाजी भारी मिश्कील. म्हणायचे, आमचं लगीन दिवसाउजेडी लागलं म्हणून बरं, न्हायतर हिनं मांडवातली लाईट घालवली असती. दाजी गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. मुलगा मिलिंद बेंगळुरूला नोकरीला, आणि घरात आक्का एकटी.

मी तिच्या अगदी उलट. लहानपणीच्या त्या अर्ध्या उजेडानं मला उजेडाची हाव लावली. माझ्या घरात दिवे जत्रेसारखे लागलेले असतात. आक्का बेळगावला आली की आमच्या मागं-मागं हिंडून बटणं बंद करायची. एकदा नातू न्हाणीत असताना तिथलाच दिवा घालवला आणि पोरानं घर डोक्यावर घेतलं. मी वैतागून म्हटलं, तू पाहुणी हायस का वायरमन? ती शांतपणे म्हणाली, माणूस न्हाय तितं पंखा कुणाला वारा घालायलाय, तेवढं सांग, मग मी जातो गप. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, असं म्हणून मी नाद सोडला.

मग सरकारनं ठरावीक युनिटपर्यंत घरगुती वीज फुकट केली. मी हौसेनं फोन केला, म्हटलं आता तरी घरात दिवे लाव. ती म्हणाली, "फुकट हाय म्हणून जाळायची व्हय गं? झऱ्याचं पाणी फुकट असतंय, म्हणून कोण घागरी उपड्या करतंय काय?" आम्ही किती हसलो. मिलिंदनं तो किस्सा ऑफिसात सांगितला, मी भिशीत सांगितला. गौरव्वा सांगते, त्याच सुमाराला आक्काच्या डोळ्यांचं लक्षण फिरलं होतं.

त्यानंतर घर आणखी अंधारात गेलं. संध्याकाळी मी गेले तर स्वयंपाकघरात काळोख आणि आत आक्का मेथी निवडत बसलेली. मी ओरडले, तर म्हणाली, हाताला कळतंय की. तिनं वर्तमानपत्र बंद केलं, रेडिओवर बातम्या बऱ्या असतात म्हणाली. कडोलीच्या साहित्य संमेलनाला ती दरवर्षी माझ्याबरोबर यायची आणि माझ्यापुढं चालायची. गेल्या वेळी तिनं पूर्ण वेळ माझं कोपर धरलं होतं. गुडघं दुखत्यात म्हणाली. मीही गुडघ्याचं तेल आणून दिलं, आणि ती बया ते निमूट चोळतही होती!

खरं सगळं गौरव्वाकडून कळलं, आक्का गेल्यानंतरच्या दिवसांत, थोडंथोडं. पुस्तकं आणायला जाते म्हणून आक्का एकटीच बसनं डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आली होती. उशीर झालाय, गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते थेंब घालून जपायचं, असं त्यांनी सांगितलं. ते थेंब सकाळ-संध्याकाळ गौरव्वा घालायची. कुणाला सांगायचं नाही, अशी आक्कानं तिला शपथ घातली होती. दाजी गेल्यावर मिलिंदनं प्रेमानं एक वाक्य बोलून ठेवलं होतं, आई, तुला काही झालं तर मी विचारत बसणार नाही, घराला कुलूप घालून तुला उचलून नेणार. तेवढ्याच वाक्याची तिनं धास्ती घेतली होती. गौरव्वानं मला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "ह्या घरात मला डोळं लागत न्हाईत, गौरव्वा. माझी खिडकी, माझा ओटा, समदं मी ठेवलेल्या जागी हाय. दुसऱ्याच्या घरात गेलं की मी आंधळी."

हे ऐकल्यापासून मला तिचा राग येतोय. लोक म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये. मी रागावते. त्या घरात राहायचं म्हणून तिनं आम्हाला, तिच्या माणसांना, बाहेरच ठेवलं. मी निपाणीला राहायला गेले असते, रिकामटेकडीच तर आहे मी. काठी आणली असती, पायरीला धरायला गज बसवला असता... गज, एवढाच तर प्रश्न होता. पुण्यानुमोदनाला एक लांबचे पाहुणे सुस्कारा टाकून म्हणाले, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांच्या हातातला चहा काढून घ्यावा असं मला वाटलं. पण मग आठवतं, की आक्काला हवं होतं ते तिनं मिळवलं. स्वतःच्या घरात ती कुणाच्या हाताला धरून चालली नाही, आणि गेली ती स्वतःच्या पायरीवरून. राग तरीही जात नाही, आणि रडू आलं की दोन्ही एकत्रच येतं.

पाहुणे पांगले. मिलिंदला परत जायचं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी घर बंद करायचं ठरलं. त्या दिवशी सकाळपासून तो आईचं एकेक भांडं हातात घेऊन पुन्हा जागेवर ठेवत होता. संध्याकाळी तो बाहेर गाडीत सामान ठेवायला गेला आणि मी खिडक्या लावून घेतल्या. बाहेरच्या खोलीत अंधारून आलं होतं. दिवा लावायला म्हणून भिंतीवर हात फिरवला, तर एका बटणावर काहीतरी खरखरीत लागलं. मेण होतं, वाळलेलं. वंदनेच्या मेणबत्तीचं सांडलं असेल म्हणावं, तर उभ्या भिंतीवर सांडून तिथंच कसं राहील? नीट बोटानं दाबून बसवलेलं होतं. मी स्वयंपाकघरात जाऊन बटणं चाचपली, झोपायच्या खोलीतली चाचपली, न्हाणीतली चाचपली. सगळी गुळगुळीत. खूण त्या एकाच बटणावर होती. मी ते दाबलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खुर्चीवरचा दिवा लागला.

गौरव्वा दारात उभी होती. म्हणाली, "ते तुमच्यासाठी, यव्वा. दार वाजलं की चाचपून तेवढा लावायची. आलेल्या माणसाला अंधारात बसवू नये म्हणायची."

मी खुर्चीसमोरच्या आक्काच्या खाटेवर बसले, जिथं ती बसायची तिथंच. मिलिंद आत आला, मावशी निघायचं न्हवं, म्हणाला. मी म्हटलं, बस रं जरा. तो त्या खुर्चीत बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणानं रडला. त्याचे सुजलेले डोळे, वाढलेली दाढी, सगळं मला स्वच्छ दिसत होतं. मी बसले होते त्या खाटेवर मात्र दिव्याचा उजेड पोचत नव्हता.