चिमट्याचं कुंकू

मल्हारगंजातल्या आमच्या घरी दसऱ्याला पणजोबांच्या तलवारीची पूजा होत असे. त्या वर्षी मी प्रयोगशाळेतही हळदकुंकू नेलं. व्हॅक्यूम पंपाला लावलं, लेसरच्या पेटीला लावलं, आणि माझ्या बारीक चिमट्यालाही.

दोन दिवसांनी त्याच चिमट्याने मी मॅग्नेशियम ऑक्साइडचा स्फटिक उचलून चेंबरमधल्या हीटरवर ठेवला. नखाएवढा चौकोन, परदेशातून आलेल्यांपैकी शेवटचा. लेसरने फेराइटच्या, म्हणजे चुंबकीय ऑक्साइडच्या, वडीची वाफ करायची आणि तापलेल्या स्फटिकावर तिचा पातळ थर बसू द्यायचा, हे माझं काम. थर चांगला निघाला तर मायक्रोवेव्ह मोजणीला जाणार. नाहीतर माझे मार्गदर्शक सर हा विषयच बंद करणार होते, आणि माझी तीन वर्षं पाण्यात.

थर बसल्यावर लेसर बंद करून चिमटा डब्यात ठेवताना टोकाच्या खाचांत लाल दिसलं. मी तो वरवर पुसला होता.

म्हणजे स्फटिकाच्या कडेलाही कुंकू लागलं असणार. आत सातशे अंश होते. मिनिटाला पाच अंशांनी उतरवायचे, घाई केली तर थर तडकतो.

"भिया, आत्ता उघडता येईल?" मी टेक्निशियनभाऊंना चिमट्याचं लाल टोक दाखवत विचारलं.

"ताई, अभी उघडलं तर बचलेलंही जाईल. बसा चुपचाप. पोह्यावर जीरावन मसाला भुरभुरावा तसं कुंकू टाकलंत तुम्ही!"

मला हसू आलं नाही. सव्वादोन तास मी तापमानाचा काटा बघत सरांना सांगायची वाक्यं जुळवत होते. वीज गेली होती. स्फटिकच खराब होता. सगळी खोटी.

सर आले तेव्हा खरं तेच तोंडातून निघालं.

"पूजा करता, तर पुसायलाही शिका," एवढंच ते म्हणाले.

चेंबर उघडला. काळसर, आरशासारखा थर. फक्त चिमटा लागलेल्या कडेला पापुद्रे सुटले होते.

"कड काढायला हवी, नाहीतर पापुद्रे आत पसरतील." त्यांनी ब्लेड माझ्यापुढे धरलं. "तुम्हीच काढा."

हा स्फटिक कडेला समांतर सरळ फुटतो. ब्लेड जरा तिरकं बसलं तर मात्र कसाही जातो. मी मनगट टेबलावर दाबलं. भियांनी पंखा बंद केला. मी ब्लेडवर हलकेच ठोकलं.

मोठा तुकडा अख्खा राहिला. तो डबीत घातला, मायक्रोवेव्ह मोजणीचं लेबल लावलं, आणि मग बाथरूममध्ये जाऊन उलटी केली.