रोलां निवृत्त झाला की ये

रेजिस क्युनो आगीला भीत नसे. लाकडाच्या भुशात आयुष्य काढलेल्या माणसानं खरं तर आगीलाच भ्यायला हवं, पण नाही. हा गडी भ्यायचा अकराव्या माणसाला.

सीमेलगतच्या डोंगरांत, मूथच्या खोऱ्यात त्याचा छोटा कारखाना. आमच्याकडचं मऊ चीज ज्या गोल डब्यांत विकलं जातं, ते स्प्रूसच्या, म्हणजे देवदारासारख्या झाडाच्या लाकडाचे डबे तिथं बनतात. कामगार दहा. दहा म्हणजे दहाच. अकरावा कायमचा ठेवला आणि वर्षभर टिकला, की कायदा म्हणतो, कामगारांनी आपला प्रतिनिधी निवडायचा, मालकानं दर महिन्याला त्याच्यासमोर बसायचं आणि तो विचारील त्याला लेखी उत्तर द्यायचं. वर दोन-तीन कर चढतात ते वेगळेच. हे सगळं रेजिसनं तरुणपणी एका लाकूड गिरणीवाल्याकडून ऐकलं होतं. गिरणीवाला तेव्हा तिसऱ्या ग्लासावर होता आणि म्हणाला होता, "अकरावा घेतलास ना, की संडासची किल्लीसुद्धा तुझी राहत नाही." रेजिसनं हे वेदवाक्य मानलं. त्या गिरणीवाल्याचं पुढं दिवाळं निघालं, तेही दारूपायी, हे मात्र त्यानं सोयीस्करपणे विसरून टाकलं.

मग काय! ट्रक रेजिस चालवणार, फोन रेजिस उचलणार, फाटकासमोरचा बर्फ रेजिस उपसणार. साठी उलटली, कंबर गेली, तरी पहाटे फावडं घेऊन हा हजर. कुणी हटकलं तर म्हणायचा, "अकरावा माणूस मीच की! पगार वाढवून मागत नाही, संप करत नाही, फक्त रात्री कण्हतो." आणि आपल्याच विनोदावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

काम मागायला माणसं यायची, नाही असं नाही. त्यांना परत पाठवायला त्याच्याकडे एक तयार वाक्य होतं. "रोलां निवृत्त झाला की ये." रोलां म्हणजे करवतीवरचा सगळ्यांत जुना कामगार. रेजिसनं हे वाक्य पहिल्यांदा वापरलं तेव्हा रोलांचे केस काळेभोर होते. ते पिकले, मग गळले, वाक्य तेच राहिलं. आपल्या नावावर काय खपवलं जातंय, याचा रोलांला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

आता क्लारिस. चीजचा हंगाम सुरू झाला की शरदात ती यायची, हंगाम संपला की वसंतात जायची. डब्याच्या कडेची पातळ पट्टी वळवावी तर तिनंच. इतरांच्या हातात दहातली एखादी तडकायची, तिच्या हातात पट्टी निमूट गोल व्हायची. पण ती वर्षभर नसायची, म्हणून कायद्याच्या मोजणीत ती पाऊण माणूस धरली जायची. दहा आणि पाऊण! रेजिसला या पाऊणचा काय अभिमान होता! हिशेबनीस मादाम पाजे यांना तो दरवर्षी डोळा मारून विचारायचा, "बसलं ना बरोबर?" त्या चष्म्यावरून बघायच्या आणि नियमांचं काहीतरी सांगायला लागायच्या, पण याचं लक्ष कुठं!

जानेवारीत, नाताळ सरला की येणाऱ्या तीन राजांच्या सणाला कारखान्यात गालेत कापायची रीत. आमच्याकडची गालेत म्हणजे संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा घमघमाट सुटलेला चपटा, पिवळा केक. आत चिनीमातीचा एक इवलासा दाणा लपवलेला. ज्याच्या तुकड्यात तो निघेल तो त्या दिवसाचा राजा, त्याला कागदी मुकुट. लबाडी होऊ नये म्हणून वयानं सगळ्यांत लहान असेल त्यानं टेबलाखाली बसायचं. वरून मालक सुरी टेकवून विचारणार, "हा कुणाचा?" आणि खालून नाव येणार. आणि एक तुकडा जास्तीचा कापायचा, गरिबाचा. कुणी अनोळखी दारात आला तर त्याला द्यायला.

त्या वर्षीही टेबलाखाली क्लारिसच. बाई पस्तिशीला आलेली, पण तिच्यापेक्षा लहान कारखान्यात कुणी नव्हतंच. असणार कुठून? वर्षानुवर्षं नवं माणूस घेतलंय कुणी?

"हा कुणाचा?"

"रोलांचा. त्याला भूक आवरत नाही."

"हा?"

"तुमचा, मालक."

असं करत सगळे संपले. शेवटचा एक उरला. रेजिसनं सुरी टेकवली. "आणि हा?"

खालून आवाज आला, "गरिबाचा. म्हणजे माझाच."

रेजिस खो खो हसला. हसता हसता त्यानं बशीकडे बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं, की खरंच तिच्या नावाचा तुकडा त्यानं कापलाच नव्हता. कधीच कापला नव्हता. दहा कामगार, एक मालक, एक गरीब. इतके जानेवारी ही पोरगी टेबलाखाली बसून सगळ्यांची नावं घेत होती आणि वर येऊन गरिबाचा वाटा खात होती. आणि आपण तिला "आणखी घे की" म्हणायचो! त्याच्या घशात घास अडकला. सगळ्यांना वाटलं दाणा गिळला. रोलांनं पाठीत दोन गुद्दे घातले.

संध्याकाळी क्लारिस ऑफिसच्या दारात उभी राहिली. "मालक, दूधसंघाच्या वरचं घर रिकामं झालंय. घरमालकीण म्हणते, कायमच्या नोकरीचा कागद आण, नाहीतर दुसऱ्याला देते. किती दिवस मावसबहिणीच्या सोफ्यावर झोपू मी?"

"अगं, देतोय की. जरा रोलां निवृत्त झाला की..."

"मालक, रोलां मला पुरून उरेल. सीमेपलीकडं घड्याळांच्या कारखान्यात जागा आहे. पगार तर विचारूच नका. शुक्रवारी त्यांना उत्तर द्यायचंय."

"मग तू काय सांगणार?"

"ते तुम्ही मला सांगायचं," असं म्हणून ती टोपी कानावर ओढून निघून गेली.

घरी त्यानं बायकोला, सिल्वेतला, सगळं सांगितलं. ती सूप वाढत होती. म्हणाली, "मग घे तिला."

"अगं, अकरावी होईल!"

"होऊ दे. चावते का?"

"तुला कायदा कळत नाही."

"मला तुझी कंबर कळते. रात्रभर मला तिचंच भजन ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी या शूर पुरुषानं काय करावं? एक झकास गळ विकत आणला आणि जेवणाच्या सुट्टीत रोलांच्या शेजारी जाऊन बसला.

"रोलां, हे तुला. नदीवर बसावं, मासे धरावेत. किती दमलास रे आयुष्यभर!"

रोलांनं गळ उलटसुलट करून बघितला. "मी साठीला जाणारच होतो. सरकारनं वय पुढं ढकललं. मग मीपण म्हटलं, बरं, तुम्ही पुढं तर मीही पुढं. आता तर सवयच लागली. आणि मासे मला आवडत नाहीत, माहीत आहे तुला."

"पण तब्येत..."

"तू पण सुरू झालास का? सगळं गाव मला तब्येत विचारतं. पावाच्या दुकानात जा, 'काय रोलां, अजून कामावर?' कॅफेत जा, 'थकत कसा नाहीस रे?' इतकी माया करतात, की कधीकधी डोळ्यांत पाणी येतं." त्यानं सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला. "गळ मात्र ठेवतो हं. जावयाला देईन."

मग रेजिसला वाटलं, पट्टी आपणच वळवू. त्यात काय एवढं! सगळे घरी गेल्यावर तो क्लारिसच्या बाकावर बसला. पहिली पट्टी तडकली. दुसरी तडकली. तिसरी वळली, असं वाटून त्यानं कुणी बघतंय का म्हणून मागं पाहिलं, आणि तेवढ्यात तीही फाटकन् उलगडून त्याच्या नाकावर बसली. नाक चोळत तो तिथंच बसून राहिला. स्वतःला म्हणाला, "शाबास, रेजिसराव! ट्रक चालवता, बर्फ उपसता, आता नाकानं डबेही बनवा." पण हसू काही आलं नाही. शुक्रवारनंतर हा बाक असाच रिकामा राहणार, हे त्याला स्वच्छ दिसलं. चीज बनवणाऱ्या दूधसंघाची डब्यांची वाढीव मागणी तो दरवर्षी नाकारायचा. यंदा तर नेहमीचे डबेसुद्धा व्हायचे नाहीत.

गुरुवारी तो मादाम पाजेंकडे गेला. फासावर जाणाऱ्याच्या आवाजात म्हणाला, "अकरावी घेतली तर मी किती बुडतो ते सांगा."

मादाम पाजेंनी सांगितलं. अकरा झाले तरी वाढीव कर लगेच लागत नाहीत. सलग पाच वर्षं आकडा वर राहिला, तरच. नियम बदलून जमाना झाला.

"पाच वर्षं? मग तुम्ही मला बोलला का नाहीत?"

"दरवर्षी बोलते, मस्यू क्युनो. तुम्ही दरवर्षी खिडकीतून ट्रककडे बघत असता आणि म्हणता, 'पाऊण बसलं ना?'"

रेजिसनं कपाळावर हात मारला. "पण ती निवडणूक? तो प्रतिनिधी?"

"ती घ्यावी लागेल, वर्षभरानं. महिन्यातून एकदा माणसांशी बोलायचंय हो. जमेल तुम्हाला."

शुक्रवारी सकाळी क्लारिस बाकावर बसायच्या आत तो तिच्यासमोर उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाला, "कायमची. आजपासून."

क्लारिसनं त्याच्याकडे बघितलं, मग घाबरून करवतीकडे. "रोलां गेला की काय?"

"नाही गं! तो बघ, खातोय."

तेव्हा कुठं तिचा विश्वास बसला. हातमोजा काढून तिनं त्याच्याशी हात मिळवला, आणि मग वळून बराच वेळ उगाचच पट्ट्यांची चळत नीट करत राहिली. रेजिसलाही खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

वर्ष सरलं. आकाश काही कोसळलं नाही. उलट दूधसंघाची वाढीव मागणी पहिल्यांदाच घेता आली. निवडणूक जवळ आली तसा रेजिस मात्र कामाला लागला. प्रतिनिधीसमोर बसायला कोपऱ्यातली खोली रंगवून घेतली. दोन खुर्च्या आणल्या, कॉफीचं यंत्र आणलं. मतपेटी तर त्यानं स्वतः बनवली, आपल्याच चीजच्या डब्याची, मोठी, झाकणाला फट पाडून. रात्री सिल्वेतसमोर उत्तरांची तालीम करायचा. "समजा ते म्हणाले, संडासची किल्ली द्या. मी म्हणेन, विचार करतो."

आणि उमेदवारीला कुणी उभंच राहिलं नाही.

मुदत संपली. पुन्हा मुदत दिली, तीही संपली. पेटी रिकामी. रेजिसला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "म्हणजे मी बोलण्याच्याही लायकीचा नाही?"

सिल्वेतला हसून हसून ठसका लागला. "जन्मभर ज्या भुताला भ्यालास, त्याला आता आमंत्रण दिलंस तर ते यायलाच तयार नाही!"

तो कामगारांच्या विनवण्या करत फिरला. रोलां म्हणाला, "सभा बाराला घेणार? बाराला मी जेवतो." क्लारिसनं मान वरही केली नाही. "मालक, तुमच्याशी भांडायला मला निवडून कशाला यायला हवं? मी रोजच भांडते. कालच नाही का बोलले, या बाकाला आणखी एक माणूस लागतंय म्हणून?"

"त्याचं बघू."

"बघू नका, शोधा."

मग पुन्हा गालेत, क्लारिस कायम झाल्यावरची दुसरी. बाहेर बर्फ, आत अर्काचा घमघमाट, टेबलाखाली पुन्हा क्लारिस. या खेपेलाही रेजिसनं तुकडे दोनदा मोजून कापले, तिचा धरून, गरिबाचा वेगळा ठेवून. रोलांनं नेहमीप्रमाणे धीर न धरता आपला तुकडा तोंडात कोंबला होता, दाणा त्याच्याच दाताखाली आला होता आणि टकलावर कागदी मुकुट चढला होता. शेवटचा तुकडा उरला तेव्हा दार वाजलं.

आत आला तो चाळिशीचा माणूस. खांद्यावर बर्फ, हातात टोपी. रेजिसला चेहरा ओळखीचा वाटला, नाव आठवेना.

"मालक, मी पूर्वी आलो होतो तुमच्याकडं. बरीच वर्षं झाली. तुम्ही म्हणाला होतात, रोलां निवृत्त झाला की ये." तो अवघडून हसला. "गावातला कुणीही काम मागायला आला की हेच सांगता तुम्ही, म्हणून आम्ही सगळेच अधूनमधून त्यांची चौकशी करतो. तर म्हटलं, विचारावं. झाले का ते?"

मुकुट घातलेला रोलां चावायचा थांबला.

"म्हणून होय!" तो हळूच म्हणाला. "पावाच्या दुकानात, कॅफेत, चर्चच्या दारात... ती माया नव्हती तर." त्यानं रेजिसकडे बघितलं. "अरे, माझं नाव सांगून तू अर्धं गाव परत पाठवलंस?"

भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं रेजिसला. परत पाठवलेले चेहरे एकामागून एक डोळ्यांसमोर यायला लागले. किती होते, हे आयुष्यभर फक्त माणसंच मोजत आलेल्या रेजिसला सांगता येईना. हातातली सुरी शेवटच्या तुकड्यावर तशीच टेकलेली होती. दुसरं काहीच न सुचून त्यानं विचारलं, "हा कुणाचा?"

टेबलाखालून क्लारिसला आलेल्या माणसाचे फक्त पाय दिसत होते.

"त्या ओल्या बुटांचा," ती म्हणाली.

रेजिसनं बशी पुढं केली. तो माणूस बशीकडे बघेना, धरेना, कुणाची जागा हिसकावून घेतोय की काय अशा चेहऱ्यानं उभा राहिला. तेव्हा रोलांनं आपल्या शेजारची खुर्ची पायानं बाहेर ढकलली.

"बस बाबा," तो म्हणाला. "मीच रोलां. आणि मी काही इतक्यात जात नाही."