बाई, कढई कोणती?

शमीमबाई काझी यांच्या पंचाहत्तरीला जमलेल्या आपल्यापैकी बहुतेक जण त्यांचे विद्यार्थी. मी त्यांच्या वर्गात कधी बसलो नाही. आमची ओळख झाली ती लातूरच्या एका दुकानात, खाऊच्या फळीसमोर.

माझी मुलगी सानिका हिला गहू आणि जव अजिबात चालत नाहीत. चिमूटभर पीठही पोटात गेलं की आतडं बिघडतं. अहमदपूरहून ती क्लाससाठी लातूरला आली आणि नेमका दुष्काळ पडला. मेसमध्ये भांडी धुवायला पाणी नाही. पोळीचा तवा फडक्यानं पुसायचा आणि त्यावरच हिची भाकरी! पोरगी सारखी आजारी पडू लागली. क्लास सोडून घरी परतायची वेळ आली, म्हणून मी दुकानदाराला विचारत गहू-जव नसलेला पाकीटबंद पौष्टिक बार शोधत होतो. ‘मैदा नाही’ असं ठळक छापलेला एक सापडला, तोच शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

“मैदा न्हाई म्हणजे गहू न्हाई, असं कुठं हाय भाऊ? पाकिटाची मागची बाजू वाचा.”

मागे बारीक अक्षरांत जवाचा माल्ट लिहिलेला होता.

जिल्हा नवा झाला तेव्हापासून बाई लातुरात गृहविज्ञान शिकवत आलेल्या. निवृत्तीनंतरही ती सवय सुटली नव्हती, हे आमचं नशीब. रविवारी त्या सानिकाला घरी बोलावू लागल्या. घटक वाचायचे, त्याच कारखान्यात गहू हाताळतात का ती ओळ शोधायची, ओट्स असतील तर ग्लुटेनमुक्त, म्हणजे गहू-जवातलं प्रथिन नसल्याची, खूण बघायची. शंका आली की सरळ ठेवून द्यायचं. चुकलं की बाई चांगल्या रागवायच्या.

एका रविवारी मीही सोबत गेलो होतो, तेव्हा बाईंनी तिच्यापुढे बरेच बार मांडले. तिनं त्यांतले चालणारे अचूक निवडले. खूश होऊन बाईंनी स्वतः केलेली राजगिरा-शेंगदाण्याची वडी तिच्या हातावर ठेवली. मोठ्यांनी दिलेलं नाकारायची आपल्याकडे रीत नाही. मी डोळ्यांनीच ‘घे’ म्हणून खुणावत होतो.

“बाई, कढई कोणती?” सानिकानं भीतभीत विचारलं.

बाई म्हणाल्या, “काल रव्याचा शिरा केला होता तिच्यात. पाणी न्हाई म्हणून नुसती पुसून घेतली. माझंच चुकलं बेटा.” त्यांचे डोळे भरून आले होते, पण चेहरा लई आनंदी. “पण तू मलाबी विचारलंस! भाऊ, आता पोरीला बिनघोर ठेवा इथं.”

सानिका राहिली, शिकली; आज नांदेडला नोकरी करते. बाईंच्या घरी तेव्हापासून तिच्यासाठी एक कढई वेगळी आहे. तरीही ती दर खेपेला विचारते आणि बाई दर खेपेला खूश होतात.

पंचाहत्तरीनिमित्त बाईंना निरोगी, उदंड आयुष्य चिंतितो. त्यांच्या शंभरीलाही सानिकानं वडी हातात घेऊन तोच प्रश्न विचारावा, आणि उत्तर द्यायला समोर बाईच असाव्यात.