गुरुवारचं पान

आमचे हे भित्रे होते. त्यांच्या माघारी म्हणते असं समजू नका, पस्तीस वर्षं तोंडावर म्हणत आले. पोस्टात रजिस्टर पत्राची पोच सही करायची तर घरी दोनदा सराव करून जाणार. गल्लीतलं कुत्रं भुंकलं की छत्री उघडून पुढे धरणार. नाव शेषगिरीराव. तंजावुरातल्या एका शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवायचे. वर्गात उभे राहिले की मात्र देशोदेशीचं राजकारण असं सांगायचे की दिल्लीहून रोज सकाळी यांनाच फोन येत असावा. घरात फोन नव्हता, ती गोष्ट वेगळी.

रशिया हा आपला थोरला भाऊ, असं त्यांनी वीस वर्षं पोरांना शिकवलं. एक्याण्णवच्या ऑगस्टात त्या थोरल्या भावाच्याच पंधरा वाटण्या व्हायला लागल्या, तेव्हा हे दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी कॉफी पिता पिता म्हणाले, "जया, देशाचं धोरण बदलायला हवं." मी म्हटलं, आधी बनियन बदला, परवाचंच आहे अंगात. दिल्लीने कूस बदलली की आमचे हेही बदलायचे, आणि का बदलली ते मला सांबार ढवळताना समजावून द्यायचे. मी हूं हूं करत असे.

पण सांगायचं ते दुसरंच. आमच्या घरी वार लावायची जुनी चाल. दूरच्या गावाहून शिकायला आलेल्या पोराने सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, तसा गुरुवार आमचा. यांच्या आजोबांचे वडील ओरत्तनाडच्या छत्रात, म्हणजे राजांच्या अन्नछत्रात, वाढपी होते म्हणे. तिथला नेम त्यांनी घरी आणला: पानावर बसलेल्याला नाव, गाव, कूळ काही विचारायचं नाही. विचारलं की वाढल्याचं पुण्य गेलं. सासूबाई तर एवढ्या कडक की एका पोराने आपणहून नाव सांगायला तोंड उघडलं तर त्याच्या पानावर भात लोटायच्या. आम्ही सगळ्यांना नुसतं 'बाळ' म्हणायचो.

चौऱ्याऐंशी साली गुरुवारला एक नवा बाळ आला. सिलोनचा. आदल्या वर्षी तिकडे तमिळ माणसं जाळली, दुकानं जाळली, आणि होड्या भरभरून लोक आमच्या किनाऱ्याला लागले. तेव्हा सगळा तमिळ मुलूख त्यांना पोटाशी धरत होता. भिंतींवर त्यांची चित्रं, रस्त्यात त्यांच्यासाठी मिरवणुका. दिल्लीचीही त्यांच्यावर माया होती. शेजारच्या घराला आग लागली तर आपण दार लावून बसतो का, असं हे वर्गात विचारायचे आणि पोरं एका सुरात नाही म्हणायची.

हा मुलगा इथल्या कॉलेजात शिकायचा. कूडमच्या, म्हणजे मधल्या चौकाच्या, कडेला बसायचा, खाली मान घालून जेवायचा, ताकभात झाला की पान स्वतः उचलायचा. तीन वर्षं एक गुरुवार चुकवला नाही. एकदा तापाने फणफणत आला. हे शाळेत होते, सासूबाई वारून वर्ष झालं होतं. मिऱ्याचं सार दिलं, पाठीवर हात ठेवला, आणि तोंडून निघूनच गेलं, "बाळा, नाव काय रे तुझं?" तो म्हणाला, "कुगदासन, अम्मा. आई कुगा म्हणायची." मी यांना सांगितलं नाही. नेम मोडला म्हणून दिवसभर बोलत बसले असते.

सत्त्याऐंशीत आपल्या विमानांनी तिकडे धान्याची पोती टाकली, मग करार झाला, मग आपली फौज गेली. यांनी भिंतीवरच्या नकाशावर सिलोनभोवती लाल पेन्सिलीने वर्तुळ काढलं. थोड्याच महिन्यांत ज्यांना सोडवायला गेलो त्यांच्याच गोळ्यांनी आपली पोरं मरायला लागली. यांचं समजावणं हळूहळू कमी झालं. बाळाचं शिक्षण संपलं होतं. तो पाया पडून तिरुच्चीला गेला, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागला. नव्वदमध्ये फौज परत आली, आणि एक्याण्णवच्या मे महिन्यात श्रीपेरुंबुदूरची ती बातमी आली, सिलोनी बॉम्बने आपला माजी पंतप्रधान गेला.

त्यानंतर जे भय पसरलं ते काय सांगू. काल ज्यांना हार घातले त्यांना आज कुणी खोली देईना. स्टेशनवर पोलीस, बसस्टँडवर पोलीस. निर्वासितांच्या छावणीबाहेर राहणाऱ्या प्रत्येक सिलोनी माणसाने ठाण्यात नाव नोंदवायचं, आणि ज्यांनी त्यांना थारा दिला त्यांचीही चौकशी. पापनाशमला एका घरमालकाला पहाटे उचलून नेलं, चार दिवसांनी सोडलं, तो अजून बोलत नाही, अशी बातमी भाजीवालीने आणली. खरी खोटी देव जाणे. यांनी नकाशा भिंतीवरून काढून गुंडाळून माळ्यावर टाकला. रेडिओ कानाला लावून ऐकायला लागले. आणि मला म्हणाले, "आता गुरुवार बंद. कुणाचाच नको." मी हो म्हटलं. भीती मलाही होतीच.

त्यात आमच्या नितीनचं. आमचा एकुलता एक. डिप्लोमा करून दोन वर्षं घरी बसलेला. त्याला सिंगापूरच्या जहाजं बांधायच्या कारखान्यातून बोलावणं आलं. हे म्हणाले, रशिया गळपटला, आता सरकारचं तोंड पूर्वेकडे वळणार, आपला पोरगा आधीच निघाला बघ. पासपोर्टचा अर्ज गेला. आता पोलीस चौकशी व्हायची होती, घर कसं, माणसं कशी, कुणाशी ऊठबस. ठाण्याच्या एका रेघेवर पोराचं आयुष्य. दारात सायकल थांबली तरी मी आधी खिडकीच्या फटीतून बघायचे.

ऑक्टोबरातला गुरुवार होता, सकाळचे अकरा. मागच्या दाराने तो आला. आधी ओळखलाच नाही. केस गेलेले, गाल बसलेले. म्हणाला, "अम्मा, घाबरू नका, लगेच जातो." घाबरू नका म्हणे.  मी आधी दार लावलं आणि मग त्याला बस म्हटलं.

शनिवार ही त्याची शेवटची मुदत होती, आणि कॉलेज इथलं म्हणून नोंदणी इथल्याच ठाण्यात. तो कधी लढायला गेलाच नव्हता, चौऱ्याऐंशीपासून इथेच होता. पण त्याच्या खोलीमालकाने भीतीने त्याची पेटी जाळून टाकली होती, कागदांसकट. कॉलेजात कुगदासन असं नाव आहे, पण तो कुगदासन तूच कशावरून, असं ठाण्यात विचारत होते. चेहरा आणि नाव दोन्ही ओळखणारं इथलं एक माणूस हवं होतं. "सरांची इथं अब्रू आहे. त्यांनी एवढंच सांगावं. नाही तर मला बंद छावणीत टाकतील, आणि मग परत पाठवतील. परत गेलो तर अम्मा, दोन्हीकडचे बंदूकवाले विचारतील, इतकी वर्षं कुठं होतास. दोघांनाही माझं उत्तर पटणार नाही."  मी पान मांडलं. चार घास त्याने कसेबसे गिळले आणि आला तसा मागच्या दाराने गेला.

दुपारी हे आले तेव्हा सांगावं की गिळून टाकावं, कळेना. सांगितलं. मला वाटलं होतं, हे काय जाणार? अंगात ताप आणतील, कुंभकोणमला मामाकडे पळतील. देवाशप्पथ, मी तेच मागत होते. नितीनची फाइल त्याच ठाण्यात होती. हे खाटेवर बसून राहिले. हातातला पंचा पिळत होते, कोरडाच पंचा. शुक्रवारी तीनदा परसात जाऊन आले, अन्न पोटात ठरेना. मी मनात म्हटलं, झालं, सुटलो.

शनिवारी सकाळी बघते तर अंघोळ करून, कपाळाला गंध-अक्षत लावून, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून उभे. गुंड्या त्यांना लागेनात, मीच लावल्या. "जायलाच हवं का?" मी विचारलं. म्हणाले, "आपल्या पानावर जेवलाय गं तो." मी म्हटलं, "आणि नितीन?"  चप्पल घालताना म्हणाले, "त्याचं नाव काय असेल? ते विचारतील."

मी तेव्हा सांगायचं होतं. नाव जिभेवर होतं. मी म्हटलं, "आपल्या घरात कधी विचारतात का?"

ते एकटे गेले तर वाटेत पडतील म्हणून मीही बरोबर निघाले.  ठाण्यात बाकावर तो बसला होता. आम्हाला बघून उठून उभा राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवलं नाही. टेबलामागे इन्स्पेक्टर. त्याच्या कोपराखाली कागदांची चवड, आणि वरचाच कागद माझ्या पोराचा, कोपऱ्यात चिकटवलेला फोटो. मास्तरांना इकडे वाध्यार म्हणतात. इन्स्पेक्टर हसून म्हणाला, "वाध्यार, तुमचा मुलगा ना हा? सिंगापूर? छान छान. आज पाहतोच आहे मी." मग बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि याचं काय?"

 आमच्या ह्यांनी आधी पाणी मागितलं. प्यायले, निम्मं सदऱ्यावर सांडलं. मग म्हणाले, "मी याला ओळखतो. चौऱ्याऐंशीपासून तीन वर्षं दर गुरुवारी माझ्या घरी जेवत होता. गरीब विद्यार्थी होता. लिहून घ्या, मी सही करतो." आवाज कापत होता, पण शब्द एकही गाळला नाही.

इन्स्पेक्टरने पेन उचललं. "नाव सांगा."

"नाव..." हे थांबले. "आमच्याकडे जेवणाऱ्याला नाव विचारत नाहीत. छत्राचा नेम आहे."

"तीन वर्षं जेवला आणि नाव माहीत नाही?" तो हसला नाही आता. "वाध्यार, कोण विश्वास ठेवेल यावर? चेहरा तर मलाही दिसतोय. मला नावाला साक्षीदार हवा." मग माझ्याकडे वळला. "अम्मा, तुम्ही वाढायचात ना? तुम्हाला माहीत असेल."

हे माझ्याकडे बघत होते, आशेने. आणि बाकाजवळून तो बघत होता. त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे. त्या तापाच्या दिवशी मी हाक मारली होती त्याला, कुगा म्हणून, ऊठ बाळा, सार गार होतंय म्हणून. इन्स्पेक्टरचं कोपर नितीनच्या फोटोवर होतं. मला वाटलं, मी नाव घेतलं तर ते दोन्ही कागद एकमेकांना चिकटतील ते कायमचे. भीतीने माझं डोकं पार बधिर झालं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं तर बरं होतं. नव्हतं झालं. मी चांगला विचार करून म्हटलं, "नाही हो, मला कसं माहीत असणार."

तो एक शब्द बोलला नाही. अम्मांना माहीत आहे, त्या खोटं बोलतायत, एवढं म्हणायला काय लागलं असतं? खाली मान घालून बाकावर बसला, जेवायला बसायचा तसाच. आठवड्याने त्याला बंद छावणीत नेलं. पुढच्या वर्षी लोकांना परत नेणारी जहाजं जायला लागली, त्यातल्या एकावर त्याला चढवलं असं तिरुच्चीच्या दुकानदाराकडून कळलं. पुढे काही कळलं नाही. कळवणार तरी कोण होतं आम्हाला.

नितीनचा पासपोर्ट तीन आठवड्यांत आला.

लोक म्हणतात, माणूस म्हातारपणी विक्षिप्त होतो. हे त्या शनिवारपासून झाले. रस्त्यात, बसमध्ये, दवाखान्यात, कुणीही दिसलं की आधी नाव विचारायचे. दूधवाल्याचं नाव, त्याच्या म्हशीचं नाव. मला म्हणायचे, "आपल्या नेमाने घात केला जया. मी मूर्खासारखा पुण्य जपत बसलो. एकदा विचारलं असतं तर पोरगं इथं असतं." असं दर दोन-चार दिवसांनी. मी ताक घुसळत ऐकायचे. पुढे दिल्लीने पुष्कळदा कूस बदलली, हे पेपर वाचायचे, पण समजावून सांगणं बंद झालं ते झालंच.

दोन हजार तीनमध्ये हे अंथरुणाला खिळले. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते. तोंड पुसलं तर माझा हात धरून म्हणाले, "काय नाव असेल गं त्याचं?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. नितीन तिकडचाच झाला होता, त्या ठाण्यात आम्हाला ओळखणारंही कुणी उरलं नव्हतं. घाबरावं असं काही राहिलं नव्हतं. पण मी यांच्या तोंडाकडे बघितलं, बारा वर्षं स्वतःला दोष देऊन झिजलेलं ते तोंड, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला यांची भीती वाटली. मी म्हटलं, "काय ठाऊक," आणि पुढचा चमचा भरला.